भट्टी थंड होती

फुंकेमास्तरांनी सकाळपासून चौथ्यांदा गाल फुगवले, मनात दहापर्यंत मोजलं आणि हवा सोडली. अजून तरी ती कुठून निसटत नव्हती.

फुंकेमास्तर हे नाव त्यांना विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या पोरांनी ठेवलं होतं. एकतीस वर्षं मास्तर आपल्या दुकानात प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवत होते. दोन्ही हातांनी ज्योतीवर काचनळी फिरवत ठेवायची, ओठांत रबरी नळीचं टोक धरायचं आणि काच मऊ झाली की अगदी मोजकी फुंकर घालायची. आता उजव्या कानाखालच्या लाळग्रंथीत गाठ निघाली होती. चेहरा हलवणारी नस तिच्या पोटातूनच जाते, असं सर्जनबाईंनी फांद्या फुटलेल्या झाडाची आकृती काढून सांगितलं होतं. गाठ नसेला चिकटलेली असली तर नस कापावी लागेल. मग चेहऱ्याची उजवी बाजू लोंबेल, ओठ पूर्ण मिटणार नाहीत.

"किती टक्के शक्यता?" मास्तरांनी विचारलं होतं.

"उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

ओठ न मिटणाऱ्या माणसाने फुंकर कशी घालायची, हे त्या आकृतीत नव्हतं.

"तसंही माझ्याशी बोलताना तुम्ही तोंड वाकडंच करता," बायको काल रात्री म्हणाली होती. "मला काय फरक कळणार?" आणि मग बाथरूममध्ये जाऊन तिने बराच वेळ नळ सोडून ठेवला होता. आता ती खाली काउंटरवर कुठल्या कुठल्या कागदांवर सह्या करत होती.

मास्तरांच्या घशाला कोरड पडली होती. रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही. पाठीमागे नाड्या बांधायचा हिरवा अंगरखा, मनगटाला नावाची पट्टी. शेजारच्या खाटेवर पित्ताशयाचे आजोबा होते. यादीत पहिला नंबर त्यांचा, दुसरा मास्तरांचा, साधारण दहा वाजता. आजोबांना पावणेआठला न्यायला आले, तेव्हा ते जाता जाता म्हणाले, "मी पुढे होतो, तुम्ही या सावकाश."

मास्तरांना हसू आलं. हसताना दोन्ही गाल सारखे वर जातात का, ते त्यांनी बोटांनी चाचपून बघितलं.

तेवढ्यात मुलगी आली, छातीशी स्वेटरचं गाठोडं धरून. "बाबा, ओळखा काय आणलंय!"

तिने स्वेटर उलगडला. आत त्यांनी काल बनवलेला कंडेन्सर होता, वाफ थंड करायचं उपकरण. एका जाड नळीच्या पोटात दुसरी, पिळदार, चौदा वेढ्यांची नळी, आणि सात ठिकाणी जोड. ऑर्डर कुणाचीच नव्हती. ओठ आपले आहेत तोवर एक अवघड वस्तू करून ठेवावी, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"आत जायच्या आधी बघायला हवाच होता तुम्ही. काय सुंदर झालाय हो!"

"भट्टीतून तू काढलास?"

"मग कोण? सहाला दुकान उघडलं. म्हटलं चटका बसेल, आधी एक बोट लावलं. तर एकदम गार! आतल्या विटासुद्धा गार."

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. संध्याकाळी पाचला वस्तू आत ठेवली. पाचशे साठ अंशांपर्यंत चढायचं, अर्धा तास थांबायचं, मग मिनिटाला जेमतेम पाऊण अंश याप्रमाणे उतरायचं. त्या विटा उष्णता सहजासहजी सोडत नाहीत. सकाळी सहाला त्यांच्यावर हात ठेववला नसता. मग त्यांनी काल संध्याकाळ आठवून बघितली. दार लावलं, कडी घातली. हॉस्पिटलचा फोन आला, सहाच्या आत भरती व्हा म्हणून. हात धुतले. कडीचा आवाज आठवत होता. बटण दाबल्यावर पेटणारा लाल दिवा आठवत नव्हता.

एकतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

"तुझा लॅपटॉप आहे का? पडदा पांढरा कर. आणि तो गॉगल दे."

"आता हे काय नवीन?"

"दे गं."

मुलीचा गॉगल तिरप्या उजेडाची चमक कापणारा होता. तो डोळ्यांसमोर धरून मास्तरांनी हळूहळू आडवा फिरवला, तसा लॅपटॉपचा पांढरा पडदा काळा होत गेला. त्या काळोखासमोर त्यांनी कंडेन्सर धरला. काचेत ताण नसेल तर तिच्यातूनही काळंच दिसायला हवं होतं. सातही जोडांपाशी पिवळट उजेड पेटला होता. ज्योतीतून निघालेली काच जोडांपाशी कमीजास्त वेगाने थंड होते आणि तो ताण आतच अडकून बसतो. तो भट्टीत तापवून सावकाश गार केल्यावरच निघतो, एरवी नाही. अशी काच आठवडाभर टिकते, नाहीतर तासाभरात जाते.

"काय दिसतंय?" मुलीने विचारलं.

आठ वाजायला पाच मिनिटं होती. दुकान बसने चाळीस मिनिटांवर. ती आत्ता निघाली, वस्तू पुन्हा भट्टीत ठेवून बटण दाबलं, तर साडेनऊपर्यंत परत आली असती. बस वेळेवर मिळाली तर. आजोबांचं लवकर आटपलं नाही तर. नाहीतर ती यायच्या आत त्यांना नेलं असतं, आणि मग तिला पुन्हा दिसेल तो चेहरा कसा असेल, याचे टक्के कुणी सांगत नव्हतं.

"स्वच्छ आहे," मास्तर म्हणाले. "एक डाग नाही. ठेव तिकडे टेबलावर आणि बस माझ्यापाशी."

ती बसली. ऑफिसात वरच्या बाईंची नक्कल करणाऱ्या शिपायाची गोष्ट तिने सांगितली. मास्तर हसले, आणि हसताना तिचं लक्ष आपल्या चेहऱ्याकडे आहे ना, ते बघत राहिले. पण त्यांचे कान टेबलाकडे लागले होते.

साडेनऊला सर्जनबाई आल्या. "दात दाखवा. डोळे गच्च मिटा. गाल फुगवा." मास्तरांनी फुगवले. बाईंनी दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून बघितलं. "वा! असे गाल मी कुणाचे बघितले नाहीत." त्यांनी उजव्या कानाखाली पेनाने बाण काढला आणि गेल्या. मास्तरांनी गाल तसेच धरून ठेवले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, सोडा आता."

मग वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. मास्तर त्यावर आडवे झाले. मुलीने घाईघाईने आवराआवर केली, कंडेन्सर स्वेटरात गुंडाळायला उचलला, आणि टक् असा बारीकसा आवाज झाला.

मोठ्या नळीचे दोन तुकडे तिच्या दोन हातांत राहिले. आतली पिळदार नळी फरशीवर पडून फुटली.

"मी... मी नुसता उचलला हो, बाबा."

"तू नाही गं फोडलास. भट्टी मी सुरूच केली नव्हती. ताण होता त्यात."

"तुम्हीच बघितलंत ना! स्वच्छ आहे म्हणालात."

"खोटं बोललो."

तिने त्यांच्याकडे बघितलं. लहानपणी तिच्या हातून बशी फुटली, तरी बाबा आईला 'माझाच धक्का लागला' म्हणायचे. तिचा चेहरा तेव्हासारखाच झाला.

"नका ना बाबा. निदान आज तरी नका. मीच आणायला नको होता."

"अगं, ऐक. विटा गार होत्या ना..."

"मान सरळ ठेवा, मास्तर," वॉर्डबॉय म्हणाला. चाकं फिरायला लागली.

मास्तरांनी ते पुन्हा सांगितलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. त्यांचे ओठ अजून सगळे शब्द नीट उच्चारत होते. दारातून वळताना त्यांना दिसलं, मुलगी गुडघे टेकून फरशीवरचे तुकडे स्वेटरात गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.