‘आवाज कोणाचा’ नावाचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. नाक मुरडू नका. नाक मुरडायचा हक्क आज माझा आहे, कारण माझ्यात लोकांनी जे काही कोंबले ते पाहिले तर तुम्हालाही शिसारी येईल.

माझे घर म्हणजे एका ध्वनिसंग्रहालयाचा संगणक. जुन्या फितींवरचे आवाज त्यात उतरवून ठेवलेले असत आणि प्रत्येक आवाजाची एक नोंद असे. शीर्षक, तारीख, विषय हे रकाने संगणकाबरोबर तयारच आले होते. पण फितींच्या डब्यांवर नुसते ‘मुलाखत’ एवढेच खरडलेले. बोलणारे माणूस कोण, हे लिहायला जागाच नव्हती. म्हणून तिथल्या सूचीकार बाईंनी हट्ट धरला आणि माझा जन्म झाला.

बाई कानाला हेडफोन लावून प्रत्येक फीत शेवटपर्यंत ऐकत आणि मग माझ्यात लिहीत. ‘गवंडी. नाव सांगताना लाजतो. मध्येच कुत्र्यावर ओरडतो.’ असे त्यांचे लिहिणे. तेवढे दिवस मी सुखात होतो.

आता माझे दुखणे ऐका. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर ते सांगणारी? संगणकही तशीच एक सूची बनवतो. तुम्ही काही शोधलेत की तो सगळे पुस्तक वाचत बसत नाही, फक्त सूची बघतो. सूचीत नाही ते त्याच्या लेखी जगातच नाही. मला बनवताना संगणकवाल्या साहेबांपुढे दोन चौकटी होत्या, ‘साठवा’ आणि ‘शोधात घ्या’. त्यांनी पहिलीवर खूण केली आणि दुसरी सोडून दिली.

“शोध उगाच जड होतो. नंतर बघू,” ते म्हणाले आणि जेवायला गेले.

ते ‘नंतर’ काही उजाडले नाही. माझ्यात सगळे होते आणि मी कुणाला दिसत नव्हतो. असून नसल्यासारखा!

बाई निवृत्त झाल्या आणि माझा उकिरडा झाला. संचालकांनी हुकूम काढला की एकही रकाना रिकामा दिसता कामा नये. मग काय विचारता! कुणी माझ्यात नुसते टिंब टाकले, कुणी ‘वरीलप्रमाणे’ लिहिले, कुणी ‘साहेबांना विचारा’. एका महाभागाने कळफलकावर पंजा आपटला आणि जे उमटले ते तसेच ठेवले. वर्षअखेरीच्या अहवालात मात्र ‘सर्व रकाने पूर्ण’ असे ऐटीत छापून आले.

आणि एक दिवस खिडकीशी एक ताई आल्या. त्यांनी आपल्या आईचे नाव सांगितले. आई टेलिफोन केंद्रात कामाला होती, तिची मुलाखत इथे घेतली होती, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. कारकुनाने वेफर्सची बोटे न पुसताच नाव टाइप केले. उत्तर आले शून्य.

“अहो, मावशी स्वतः सोबत आली होती. मी तिच्या कडेवर होते,” ताई म्हणाल्या. “आईचा फोटो आहे हो घरी. तिचा आवाज कसा होता, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.”

“ताई, कॉम्प्युटर नाही म्हणतोय ना? मग नाहीच.”

मित्रांनो, ते नाव माझ्यात होते! बाईंच्या हातचे, स्वच्छ लिहिलेले. पण रकान्याला ओरडता कुठे येते?

ताईंनी अर्ज दिला, तेव्हा कुठे साहेबांनी दुसऱ्या चौकटीवर खूण केली आणि “झालं काम!” म्हणून हात झटकले. ताई पुन्हा आल्या. पुन्हा शून्य. कारण नुसती खूण केली की फक्त पुढच्या नोंदी सूचीत येतात. जुन्यांसाठी सगळी सूची नव्याने बांधावी लागते, आणि तेवढा वेळ शोध बंद ठेवावा लागतो. संचालकांकडे पाहुणे यायचे होते. “आत्ता बंद? लोक हसतील आपल्याला,” ते म्हणाले.

पाहुणे आले, चहा पिऊन गेले. मग संगणकात जागा कमी पडू लागली आणि एका दुपारी संचालकांच्या खोलीतून दुसरा हुकूम निघाला. ज्या आवाजांना वर्षानुवर्षे कुणी हात लावलेला नाही ते पुसून टाका, नोंदी राहू द्या, त्यांना जागा लागत नाही. मूळ फिती तर केव्हाच भंगारात गेल्या होत्या. हात लावणार कसा? सापडले तर ना! पण हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नाही. किळस येते मला त्या दुपारची.

त्यानंतर नवा संगणक आला आणि सूची आपोआप नव्याने बांधली गेली. वरातीमागून घोडे! कारकुनाने आठवण ठेवून ताईंना फोन केला, एवढे त्याच्या पदरात टाकतो. ताई धावत आल्या. नाव टाइप झाले आणि या वेळी उत्तर आले, एक.

“बघा, सर्च कसा फास्ट झालाय!” साहेब मागून म्हणाले.

कारकुनाने आवाजाचे बटण दाबले. ‘फाइल उपलब्ध नाही.’ त्याने पुन्हा दाबले, मग मान खाली घातली. ताई पडद्याजवळ सरकल्या आणि माझ्यात आईच्या नावापुढे लिहिलेले वाचू लागल्या.

‘टेलिफोन केंद्रातली बाई. आवाज घोगरा, गोड. मध्ये तान्ही मुलगी रडते. बोलणे थांबवून तिला म्हणते, थांब गं चिमणे, आले. मग हसते.’

“चिमणे,” ताई हळूच म्हणाल्या. “मला कुणीच नाही हो या नावानं हाक मारत.”

कारकून रडला. साहेब घड्याळ बघत होते.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुठेतरी नोंदी कराल. माझ्यासारख्या रकान्यात टिंब टाकून पुढे जाऊ नका. आणि जे जपून ठेवाल, ते शोधणाऱ्याच्या हाती लागते की नाही, हे स्वतः एकदा शोधून बघा. नुसते ठेवले म्हणजे जपले असे होत नाही.

त्या ताईंनी आईची हाक माझ्याकडून वाचली. त्यांना ती ऐकायची होती.