एक्केचाळीस अंगठे

लिफ्टच्या घंटीची वायर मी माझ्या हाताने कापली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी सगळ्यांच्या नावाने खडे फोडीन आणि स्वतः नामानिराळा राहीन.

सात मजल्यांची इमारत, बेचाळीस घरं. पंधरा वर्षं तिथली लिफ्ट मीच बघतो. मुलं येता-जाता घंटी दाबतात, डोकं उठतं, अशी तक्रार इमारतीच्या मोबाइल ग्रुपवर आली. सेक्रेटरींनी विचारलं, 'घंटी बंद करावी का?' एक्केचाळीस घरांतून अंगठे आले. पूर्वी अंगठा दाखवला की 'नाही' समजायचे, आता 'हो' समजतात. बेचाळिसावं घर पाचव्या मजल्यावरच्या शिवणकाकूंचं. निम्म्या इमारतीचे पडदे त्यांनीच शिवलेत. पण त्यांचा फोन साधा, त्या ग्रुपवर नाहीत, म्हणून त्यांना कुणी विचारलंच नाही.

"साहेब, हे नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"अहो, सगळ्यांचं एकमत आहे."

मी मुकाट्याने पक्कड काढली.

परवा दुपारी सेक्रेटरींचा फोन आला. लिफ्ट अडकलीय, सवडीने या.

"आत कोणी आहे का?"

"छे हो! असतं तर घंटी वाजली नसती का?"

आणि हे मला पटलं. वायर कापणाऱ्या मला! मी हातातलं काम उरकलं, निवांत चहा घेतला आणि मग निघालो. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या जरा वर अडकली होती. चावीने दार उघडलं तर आत काकू. भिंतीला टेकून बसलेल्या, घामाने भिजलेल्या, ओठ पांढरे पडलेले. कचरा टाकायला निघाल्या होत्या, फोन घरीच. अडीच तास त्या आत होत्या. त्यांना साखरेचा त्रास, त्यात जेवण व्हायचं होतं. हातात चप्पल होती. दारावर आपटून आपटून तिचा अंगठा तुटला होता.

मी त्यांना उतरवून पायरीवर बसवलं, माझ्या पिशवीतली बिस्किटं दिली. सेक्रेटरी शेजारी उभे राहून ग्रुपवर 'लिफ्ट लवकरच सुरू होईल' असं लिहीत होते. माझी नजर त्यांच्या फोनवर गेली. त्याच्या जरा आधी तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'कुणाकडे ठोकाठोकी चाललीय? दोन ते चार शांतता पाळायचं ठरलंय ना?' त्याखाली पुन्हा अंगठेच अंगठे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही माणसं चपलेचा आवाज ऐकत होती. दार उघडून बघायला चार पावलं लागली असती.

थोडा जीव आल्यावर काकू म्हणाल्या, "अरे, किती वेळ घंटी दाबत होते मी. वाजत होती ना?"

सेक्रेटरींनी मला डोळ्याने खुणावलं. "हो हो, वाजत होती की, काकू!"

काकूंचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे ऐकू येत होती? आणि कोणीच आलं नाही?"

आता मात्र मला राहवेना. "नाही काकू, वाजत नव्हती. मीच तोडली. यांनी सांगितलं आणि मी मान डोलावली."

"मला कसं नाही विचारलं?"

"तुम्ही ग्रुपवर नाही ना," सेक्रेटरी पुटपुटले.

"ग्रुपवर नसेन. पाचव्या मजल्यावर तर होते ना?"

सेक्रेटरी पुन्हा फोनमध्ये बघू लागले. मी लिफ्ट खाली आणली आणि कुणाला न विचारता वायर जोडली. काकू भिंत धरत धरत तळमजल्यावर आल्या. "सरक, बघू दे," म्हणाल्या आणि त्यांनी बटणावर बोट ठेवलं.

घंटी अशी काही वाजली की कानठळ्या बसल्या. वर दारं उघडू लागली. जिन्यात डोकी दिसली. "काय चाललंय?" "बंद करा तो आवाज!" अडीच तासांत न आलेले लोक दोन मिनिटांत बाहेर आले होते.

"काकू, पुरे आता," सेक्रेटरी अजिजीने म्हणाले, "लोकांना त्रास होतोय."

काकूंनी बोट उचललं नाही. जिन्यातल्या डोक्यांकडे बघत म्हणाल्या, "थांबा. अजून सगळे आले नाहीत."