गाडी थांबली की भोंगा

न्हाव्याची बायको दुधाची गाडी चालवायची आणि तिला बस चालवायची होती. मागच्या खेपेला चाचणीच्या आदल्या रात्री तान्ह्या पोराने तिच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. सकाळी बस वळवताना आरसा खांबाला घासला आणि परीक्षकाने तिला तिथेच खाली उतरवलं. आता दुसरी संधी मिळाली होती. तिसरी मिळणार नव्हती. चाचणी दूरच्या शहरात, सकाळी. म्हणजे रात्र रेल्वेत काढणं आलं.

पोराला घरात सगळे भोंगा म्हणत. का, ते विचारावं लागत नसे.

"काय वाटेल ते होऊ दे, मला उठवायचं नाही," कानात कापूस कोंबत तिने नवऱ्याला बजावलं आणि वरच्या बर्थवर चढून पांघरूण डोक्यावरून ओढलं.

"तू निवांत झोप. गाडीत पोरं आपोआप झोपतात," न्हावी म्हणाला. हे त्याला दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. गिऱ्हाईक बिनलग्नाचं होतं.

त्याने बर्थच्या साखळ्यांना चादरीची झोळी बांधली. गाडीने वेग घेतला, झोळी आपसूक झुलू लागली आणि भोंगा खरोखरच झोपला. खालच्या बर्थवरचे कापडवाले काका घोरत होते. समोरच्या नर्समावशींनी दिवा मालवला. न्हाव्याने पाय पसरले.

आणि गाडी सिग्नलला थांबली.

झोळी थांबली, चाकांचा आवाज थांबला आणि त्या शांततेत भोंगा वाजला.

काका दचकून उठले. "आग लागली का कुठे?"

"नाही काका, पोरगं आहे."

"मग आईला उठवा ना त्याच्या! कुठाय आई?"

"वर झोपलीय. पण तिला उठवायचं नाही. सकाळी बस चालवून दाखवायचीय तिला." न्हाव्याने शहराचं नाव सांगितलं.

"अरे देवा! मी तिथलाच. रोज बसनेच दुकानात जातो." काकांनी वर पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "झोपू द्या, झोपू द्या तिला."

न्हाव्याने झोळी हलवली, चुचकारलं, हात जोडले. भोंगा आणखी चढला.

"नुसतं हलवून काय होणार?" मावशी उठल्या. "त्याला गाडी हवीय, गाडी. सरका." त्यांनी झोळीला बारीक बारीक हिसके द्यायला सुरुवात केली. "काका, जेवणाचा डबा काढा."

"आत्ता? भूक लागली तुम्हाला?"

"वाजवायला हो! आणि तू," त्या न्हाव्याला म्हणाल्या, "वारा हो."

काकांनी डब्यावर बोटं धरली. टडक-टडक, जरा दम, टडक-टडक. न्हाव्याने तोंडाने सूं केलं. भोंग्याने दोन हुंदके दिले, एक लांब सुस्कारा सोडला आणि पुन्हा झोपला.

"हळू," मावशी कुजबुजल्या. "गाडी एकदम वेग घेते का कधी?"

"जन्मभर कापड मोजलंय मी," काका दुखावल्या आवाजात म्हणाले. "माझं माप चुकत नाही."

शेजारच्या कप्प्यातून एक माणूस डोळे चोळत आला. "हे काय चाललंय?"

"गाडी चाललीय. जाऊन झोपा," काका बोटं न थांबवता म्हणाले.

खरी गाडी केव्हा सुटली, हे तिघांच्या लक्षातच आलं नाही. बाहेरचे दिवे मागे पळताना दिसले, तेव्हा न्हाव्याने काकांचा हात धरला.

त्यानंतर ब्रेकची पहिली करकर ऐकू आली, की काकांची बोटं डब्यावर जायची. मावशींनी पाळ्या लावून पाहिल्या, पण काका डबा कुणाला देईनात. "पुलावरचा आवाज काढता येतो का तुम्हाला? मग?"

उजाडल्यावर न्हाव्याची बायको आळोखेपिळोखे देत खाली उतरली. तिचा चेहरा टवटवीत होता. खाली तिघांचे डोळे लालभडक.

"खरंच की रे, गाडीत आपोआप झोपतात पोरं!" तिने कापूस काढला. "काका, तुम्हाला त्रास नाही ना झाला?"

"छे छे," काका म्हणाले. "गाडी छान चालली."

न्हावी तोंड उघडणार, तोच मावशींनी त्याला कोपर मारलं. चाचणी व्हायची होती.

बस डेपोच्या आवारात तो पोराला घेऊन बाकावर बसला. बायकोची बस वळणावर आली. खांब जवळ आला, आरसा त्याच्यापासून हातभर अंतर राखून अलगद पुढे गेला, आणि न्हाव्याने रोखून धरलेला श्वास सोडला. परीक्षक उतरला, त्याने तिच्याशी हात मिळवला. ती धावतच बाकापाशी आली.

"जमलं! पुढच्या महिन्यापासून कामावर!"

मग न्हाव्याने रात्रीची सगळी हकिकत सांगितली. डब्याशी येईपर्यंत ती पोट धरून हसत होती. वाऱ्याशी आल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बरं, परतीच्या गाडीत भोंगा माझ्याकडे," ती डोळे पुसत म्हणाली. "वरच्या बर्थवर तू झोपायचंस. ऐकतोयस ना?"

तो ऐकत नव्हता. बसल्या बसल्याच त्याची मान कलली होती, तोंड उघडं पडलं होतं. त्याच्या मांडीवर भोंगा मात्र टक्क जागा होता आणि आवारातून बाहेर पडणाऱ्या बसकडे बघून हात हलवत होता.