अंगणातला धुरा

टिकारामनं सुतळीचं एक टोक फाटकाजवळच्या खुंटीला बांधलं, दुसरं हातात धरून तो मागं मागं सरकत आला आणि थेट चंद्रकुमारच्या गोठ्याच्या भिंतीशी थांबला. तिथं उकिडवा बसून त्यानं दुसरी खुंटी ठोकली, सुतळी ताणली, बोटानं टिचकी मारून पाहिली आणि चिमटीतून चुना सोडत पांढरी रेघ ओढायला लागला. चंद्रकुमार तेव्हा म्हशीखालचं शेण भरत होता. घमेलं तसंच टाकून तो गोठ्याच्या दारात आला.

"काय करून राहिला भाऊ?"

टिकाराम दचकला. चुन्याची चिमूट त्याच्या धोतरावर सांडली.

"काही नाही रे चंदू. जरा लेव्हल पाहून राहिलो."

"लेव्हल? कायची?"

"अशीच. अंगणाची."

साठी उलटलेला माणूस सकाळीच अंगणाची लेव्हल पाहत बसतो आणि कारण विचारलं तर 'अशीच' म्हणतो, यावर कोण विश्वास ठेवील? चंद्रकुमारनं तरी ठेवला नाही. सानगडीत ज्याचं पोट धानावर आहे, त्याला सुतळी, खुंटी आणि चुना एका जागी दिसले की एकच गोष्ट सुचते. कोणीतरी कोणाची तरी जमीन खाणार.

आणि त्याला हे उगाच सुचत नव्हतं. बाप जिवंत असताना शेजारच्या धानाच्या बांधीचा मालक, खुशाल नावाचा, दर नांगरटीला मधला धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, थोडा थोडा सरकवायचा. एका वर्षात कळायचं नाही. धुरा काही पळत येत नाही, तो गोगलगाईनं यावं तसा येतो. बापाला कळलं तेव्हा धानाच्या दोन ओळी मावतील एवढी जागा पलीकडे गेली होती आणि खुशाल शपथा खात होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. चंद्रकुमार तर पाणीही फुंकून प्यायचा.

दोघं भाऊ, दोन चुली, आणि दोघांच्या दारांपुढं मिळून एक अंगण. बाप गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा अंगणाचेही दोन हिस्से ठरले होते, पण मध्ये कोणी काही घातलं नाही. टिकाराम तेव्हा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये फिटर होता, सणावाराला यायचा. रिटायर होऊन तो बायकोला, उषाबाईला घेऊन कायमचा गावी आला, त्यालाही आता दोन पावसाळे झाले. दिवस मावळायच्या आधी दोघं भाऊ अंगणात खाट टाकून चहा प्यायचे. फार बोलायचे नाहीत. पण त्या चहाशिवाय चंद्रकुमारला दिवस संपल्यासारखा वाटायचा नाही.

त्या संध्याकाळी त्याची बायको सुलोचना म्हणाली, "मले त आधीपासूनच डाळीत काळं दिसून राहिलं होतं. मोठमोठे खोके येऊन राहिले नागपूरहून. जाऊबाईले इचारलं काय हाये, त नुसती हासते."

"खोक्यात काय असन?"

"तार असन कुंपणाची. दुसरं काय?"

चार दिवसांत चुन्याच्या रेघेवर माती पडली. टिकाराम टोपल्यानं माती आणायचा, पाणी शिंपडायचा, लाकडी थापीनं ठोकायचा. गुडघ्यापेक्षा कमी उंचीचा, वर सपाट, दोन्ही अंगांनी उतार दिलेला लांबलचक बांध तयार झाला. चंद्रकुमारनं आयुष्यभर धुरे बांधले होते. एवढा घोटीव धुरा त्यानंही कधी बांधला नव्हता. फाटकातल्या हद्दीच्या दगडापासून गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत त्यानं एक डोळा मिटून नजर लावली. मधोमध तो बांध सरळसरळ त्याच्या बाजूला आला होता. गोठ्याजवळ मात्र एकदम वाकून, भिंतीला घासून, परत टिकारामच्या दाराकडे वळला होता. त्या दिवशी तो चहाला गेला नाही. म्हशीचं निमित्त सांगितलं.

मग एका दुपारी अंगणातून घरघर ऐकू आली. चंद्रकुमार बाहेर आला आणि पाहतच राहिला. बांधावर बारीक गिट्टी पसरली होती, गिट्टीत पितळी पटऱ्या चमकत होत्या आणि पटऱ्यांवरून आगगाडी चालली होती. खेळण्यातली म्हणावी तर एवढं मोठं खेळणं त्यानं जत्रेतही पाहिलं नव्हतं. नुसतं इंजिन हातभर लांब. मागं डबे, डब्यांना खिडक्या, खिडक्यांना सायकलच्या आऱ्यांचे गज. मालडब्यावर बोटाएवढाली पोती रचलेली. टिकारामच्या दारासमोर एक फलाट आणि त्यावर पिवळी पाटी: सानगडी. ज्या गावानं रेल्वे कधी पाहिली नाही, त्याला टिकारामनं स्टेशन दिलं होतं.

"भाऊजी, पाहा तुमच्या भावाचे थेरं," उषाबाई पदरात हसत म्हणाली. "पोरीकडं, डिंपलकडं गेलो होतो ना नागपूरले, तिच्या शेजारी एक बुढे साहेब राहतेत. त्याइचं इंजिन बंद पडलं होतं, यायनं खोलून चालू करून देल्लं. साहेबाले आता दिसत नाही, त म्हणे घेऊन जा तुमीच. तेव्हापासून हे खूळ लागलं."

टिकाराम लाजून लाल झाला होता. तरी त्याला राहवलं नाही. "आलं तेव्हा लालभडक होतं. सारा रंग खरवडला. पवनीकडून छोट्या लाईनीची गाडी जायची ना, आता बंद झाली ते, तसा रंग देल्ला. डब्याचं छत तेलाच्या पिप्याचं हाये. आन् पोत्यात तांदळाची खरी कणी भरली, हात लावून पाह्य."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? लोक म्हणतीन, म्हतारा खेळणं खेळून राहिला."

उषाबाई हसली, सुलोचनाही नकळत हसली. चंद्रकुमार हसला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? गाडी खरी होती, समोर धावत होती, हे त्याला दिसत होतं. पण त्याला तिच्याखालची मातीही दिसत होती. गाडी निमित्ताला आहे, त्याच्या मनानं घेतलं. खेळण्याचं काय, आज आहे, उद्या मोडेल. बांध राहील. आणि मग कोणी विचारलं तर सारं गाव सांगेल की हा इथं पहिल्यापासूनच होता.

एवढ्यात गाडी गोठ्याजवळच्या वळणावर आली, इंजिन तिरपं झालं आणि डब्यांसकट खाली कोसळलं. टिकाराम धावला. लेकरू पडावं तसं त्यानं इंजिन उचललं, फुंकर मारून माती उडवली.

"इथंच पडते रोज," तो स्वतःशीच पुटपुटला. "मोठ्या इंजिनाले मोठं वळण लागते. हे फार आखूड पडून राहिलं."

चंद्रकुमारनं गोठ्याच्या भिंतीवर हात ठेवला. "म्हणजे गोठा काढू काय मी?"

"मी कुठं म्हणलं तसं?"

"आज नाही म्हणलं. उद्या म्हणशीन."

टिकारामचं तोंड उतरलं. तो काहीतरी बोलणार होता. उषाबाईनंही तोंड उघडलं, पण नवऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. चंद्रकुमारनं ते पाहणंही टिपलं. नवरा-बायकोचं काहीतरी ठरलेलं आहे, आता शंकाच नाही.

त्यानंतर चहा बंदच झाला. टिकाराम खाट टाकायचा, थोडा वेळ बसायचा, आणि एकटाच कप घेऊन आत जायचा. चंद्रकुमार आडून पाहत राहायचा. हातभर अंगणाचं त्याला एवढं काही नव्हतं. पण खुशाल परका होता, त्यानं खाल्लं तर शिव्या देऊन मोकळं होता येत होतं. सख्ख्या भावानंच खाल्लं तर शिव्या कोणाला द्यायच्या?

वाटणीत एक दगड फाटकाशी गाडला होता आणि दुसरा मागच्या अंगाला. मागचा दगड आता कुठं दिसत नव्हता. तो भावानंच काढला, असं चंद्रकुमारनं ठरवून टाकलं. पण दगड काढला तरी खूण जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. जुनी माणसं हद्दीचा दगड गाडताना खड्ड्यात आधी घमेलंभर कोळसा टाकत. दगड कोणीही उपटून नेईल. मातीत मिसळलेला कोळसा वेचून न्यायला सात जन्म लागतील. वाटणीला उभं राहिलेलं घरातलं एकच वडीलधारं माणूस आता उरलं होतं, शहापूरची शकुनबाई आत्या. चंद्रकुमारनं तिला फोन करून बोलावून घेतलं.

आत्या बसनं आली. काठी टेकत फाटकातून शिरली आणि गाडीपाशी थबकली. "अगं माय! हे कोनं केलं?"

टिकाराम पाया पडला. "मीच, आत्याबाई."

"आत्याबाई, गाडी मंग पाहाल," चंद्रकुमार मध्येच म्हणाला. हातातली लोखंडी सब्बल त्यानं जमिनीवर टेकली. "पहिले सांगा, मागचा दगड कुठं गाडला होता? आज दूधका दूध होऊन जाऊ द्या."

"आत्याबाई, चहा घ्या आधी," टिकाराम घाईनं म्हणाला. "राहू दे ना चंदू. कायले उकरतं?"

"पाहा! उकरायचं नाव काढलं का याले चहा सुचला!"

आत्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग ती फाटकातल्या दगडापाशी उभी राहिली आणि मागच्या मोहाच्या झाडाकडे तिनं काठी रोखली. "ह्या दगडावरून मोहाच्या बुडाशी सुत धरलं होतं. त्याच सुतात मागचा दगड." काठी तशीच समोर धरून ती चालू लागली. बांधाच्या कडेनं गेली. एकाही जागी तिला बांधावर पाय द्यावा लागला नाही. सारा बांध तिच्या डावीकडे, टिकारामच्या बाजूला राहिला. चालत चालत ती सरळ गोठ्यात शिरली.

"म्हशीले सरकव," आतून आवाज आला. "हे गव्हाण हाये ना, हिच्या खाली पाह्य."

चंद्रकुमारच्या हातातली सब्बल एकदम जड झाली. "इथं कसा असन, आत्याबाई? हा त माहा गोठा हाये."

"गोठा तुहा असन. दगड वाटणीचा हाये."

त्यानं खणलं. शेणामातीचा थर निघाला, मग दगडाचा माथा लागला. दगडाच्या अंगानं सब्बल आणखी खाली घातली, तर टोक काळं होऊन वर आलं. त्यानं मूठभर माती हातात घेतली. कोळशाचे तुकडे अजून करकरीत होते.

म्हैस नवी आणली तेव्हा गोठा मोठा केला होता, दगड त्याआधीच शेणामातीत बुजला होता. टिकाराम तुमसरला होता. सुतळी कोण लावतो घरच्या कामाला, म्हणून चंद्रकुमारनं नजरेनंच रेघ धरली होती. आणि माणसाची नजर चुकली तरी ती नेमकी आपल्याच फायद्याला चुकते.

"मी त कव्हाचीच म्हणून राहिली," उषाबाई दारातून म्हणाली. "ह्या भिंतीपायी मोठं वळण घेता येत नाही, गाडी रोज पडते. जागा आपली हाये, एकडाव भाऊजीले सांगा त खरं. त हे म्हणतेत, चंदू म्हैस कुठं बांधन? अन् मले म्हणे, तू तोंड उघडशीन त पाहाजो."

"चूप राय तू," टिकाराम म्हणाला. त्यानं चंद्रकुमारकडे पाहिलं नाही. "चाला आत्याबाई, चहा थंडा होऊन राहिला."

चंद्रकुमार तसाच गव्हाणीपाशी बसून राहिला. हात काळे झाले होते. भावानं एक शिवी दिली असती, तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात धप्प धप्प आवाज व्हायला लागला. टिकाराम धोतराचा सोगा सावरत बाहेर आला. चंद्रकुमार गोठ्याच्या भिंतीला सब्बल मारत होता. मातीचे ढेपळे बांधावर घरंगळून आले होते. सुलोचना दारात कपाळाला हात लावून उभी होती.

टिकारामला वाटलं, झालं, भाऊ चिडला. रागाच्या भरात गोठाच पाडतो की काय? तो धावत आला, बांधावर गुडघे टेकून बसला आणि पटऱ्यांचे सांधे सोडवायला लागला.

"थांब चंदू. मी पटऱ्या काढून घेतो. आजच काढतो साऱ्या. गोठा नको पाडू. मी काही म्हणलं का तुले? कधी म्हणलं का?"

चंद्रकुमारनं सब्बल थांबवली. कपाळावरचा घाम पुसला. भावाच्या डोळ्यांत पाहणं त्याला अजून जमत नव्हतं, म्हणून तो भिंतीच्या बुडाकडेच पाहत बोलला.

"पटऱ्या राहू दे. तुह्या इंजिनाची उंची सांग."

टिकारामचे हात सांध्यावर तसेच राहिले. त्यानं संशयानं वर पाहिलं.

"कायले?"

"मोठ्या वळणासाठी भोक त्याच मापाचं पाडतो. एक ह्या भिंतीले, अन् एक तिकडच्या."