ठरल्याप्रमाणे

"गुडघा वाकतोय," मागून सायकलवरून तो म्हणाला.

तिने पुढचा पाय सरळ टेकला. चालण्याच्या शर्यतीत एक पाय कायम जमिनीवर लागतो आणि टेकलेल्या पायाचा गुडघा ताठ. नाहीतर पंच लाल कार्ड दाखवतात. पंप हाऊसच्या या मेकॅनिकला चार वर्षांपूर्वी यातलं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा त्याच्या डोक्यात एकच काळजी होती: वडिलांची एक बाजू लुळी पडली होती आणि तो पाळीवर गेला की त्यांना घोटभर पाणी द्यायलाही घरात कोणी नव्हतं. तिचंही एकच अडलं होतं. "आधी लग्न कर, मग काय चालायचं ते चाल," असं भावाने बजावलं होतं. दोघांची गाठ तिच्या कोचने घालून दिली. नावापुरतं लग्न करायचं, ती घर आणि म्हाताऱ्याला सांभाळेल, तो तिच्या सरावाच्या आड येणार नाही, आणि राष्ट्रीय शिबिरात निवड झाली की दोघं मोकळे, असं ठरलं.

चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची. घरात दोघंही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत, बँकेच्या रांगेत म्हणावं तसं.

सासऱ्यांना या कराराचा पत्ता नव्हता. खिडकीतून तिची चाल बघून ते म्हणायचे, "अगं पोरी, पळ तरी, नाहीतर चाल तरी. हे मधलंच काय?" ती त्यांचे केस विंचरायची, नखं कापायची. ते गेले तेव्हा मेकॅनिकपेक्षा तीच जास्त रडली.

त्याची गरज तिथेच संपली होती. आलेले-गेलेले पांगल्यावर तो विषय काढेल म्हणून ती जीव मुठीत धरून बसली होती. त्याने विचारलं, "उद्या सराव किती वाजता?" दुसऱ्या सकाळी तो सायकल काढून तिच्या मागे निघाला आणि पुढे वर्षभर निघतच राहिला.

एका संध्याकाळी घरात तिसरं कोणी नसताना, भाजी चिरता चिरता तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, जरा लाईट लावता का?"

त्याने वळून दाराकडे पाहिलं. कोण आलंय ते बघायला.

तिने पुन्हा कधी तसं म्हटलं नाही.

निवड चाचणीत ती दुसरी आली आणि शिबिरासाठी निवडली गेली. परतीच्या बसमध्ये ती एकच वाक्य घोकत होती: मला शिबिराला जायचंय, पण परत इथेच यायचंय. घर येईपर्यंत ते तोंडपाठ झालं.

दार उघडं होतं. खाटेवर तिची बॅग भरून ठेवलेली. बुटांची दुसरी जोडी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली. टेबलावर वकिलाने केलेले घटस्फोटाचे कागद, त्यांवर त्याची सही.

"तुमचा भाऊ सांगून गेला," तो म्हणाला. "म्हटलं, तुमची धावपळ नको. ठरल्याप्रमाणे सगळं करून ठेवलं."

"इतकी घाई होती?"

"शब्द दिला होता. तुमच्या आड येणार नाही म्हणून."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

तो फडक्याने हातावरचं ग्रीस पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"मला वाटून काय," तो म्हणाला. "तुम्ही पुढे जायला हवं."

घोकलेलं वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. पण ज्याने बॅगेची चेनसुद्धा लावून ठेवली, त्याला ते कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने सही केली. शाई वाळेपर्यंत तो कागद हातात धरून उभा राहिला.

शिबिरात पहिल्याच दिवशी फॉर्म भरायचा होता. 'अपघात झाल्यास कोणाला कळवावे' या रकान्यात तिने भावाचं नाव लिहिलं, खोडलं, आणि दुसरंच एक नाव आणि नंबर लिहिला.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म वाचला. "नातं लिहायचं राहिलंय. कोण लागतात हे तुमचे?"

मागे मुलींची रांग खोळंबली होती. तिने पेन उचललं, खाली ठेवलं.

"पंप हाऊसचा नंबर आहे," ती म्हणाली. "कधीही करा, उचलतात."

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग रकाना तसाच कोरा सोडून शिक्का मारला.