आडव्या नळीचं माप

"बसू नकोस. उभी राहा, उभी राहा!"

नवऱ्याचा आवाज. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, याच चढावर, मागून धापा टाकत दिलेला. आता मागे कोणी नव्हतं, तरी तिने सीट सोडली आणि ती पेडलवर उभी राहिली. या सायकलला गिअर नव्हते. चढ आला की उठायचं, एवढाच काय तो गिअर. पुढच्या फोर्कला स्प्रिंगही नव्हती. वाटेतला एकेक दगड थेट मनगटाशी येऊन बोलत होता. मोठाली चाकं मात्र मुळांवरून, खड्ड्यांवरून खुशाल चालली होती.

वळणावर तिचे खांदे भरून आले. हँडल हाताला लागत होतं, पण उंच फळीवरचा डबा काढावा तसं, ताणून. तिने पाय टेकला, दम घेतला आणि सायकल वळवली.

खाली सासरे कारखान्याच्या दारातच उभे होते.

"कशी आहे?"

"छान."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान, बाबा."

त्यांनी पुढचं चाक उचलून फिरवलं. ते कुठेही डुललं नाही. नळ्या कापून पितळेच्या झाळेने फ्रेम जोडणं त्यांचं काम. तारा विणणं आणि चाकाचा आउट काढणं, म्हणजे डुलणारं चाक सरळ करणं, तिचं. एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं होतं, "गिअर नाही, स्प्रिंग नाही, मग हिला आहे तरी काय?"

"तू आहेस की," सासरे म्हणाले होते.

त्यांचा मुलगा, तिचा नवरा, दुसरीकडे संसार थाटून निघून गेला, तेव्हा तिने एकदाच विचारलं होतं, "मी आता काय करू, बाबा?" ते म्हणाले, "त्या मागच्या चाकाचा आउट काढ आधी." पुढे कधीतरी त्यांनी तिच्यासाठी ही फ्रेम करायला घेतली. आल्यागेल्याला ते भिंतीशी उभं करून हात पसरायला लावत, टेप धरत. तिला म्हणाले, "घरच्या माणसाचं माप काय घ्यायचं?" त्या एका वाक्यावर तिचे कितीतरी दिवस सुखात गेले.

सायकलवर पहिल्यांदा बसली तेव्हाच तिला कळलं, हे माप कुणाचं आहे ते. माहेरी राहायला ये म्हणून भाऊ केव्हाचा बोलावत होता. त्याला काल तिने 'येते' म्हणून कळवलं. इथे सांगायचं तेवढं राहिलं होतं.

सासऱ्यांनी पत्र्याच्या तुकड्यांवर काढलेले रंग बाकावर मांडले.

"बोल, कुठला? एकदा रंग चढला की मी फ्रेमला हात लावणार नाही."

"तुम्हाला आवडेल तो."

"चालवणार तू, मिरवणार तू, आणि आवड माझी?"

फडक्याने ती स्वच्छच असलेली आडवी नळी पुसत राहिली.

"माझी नाही ही, बाबा. तुमच्या मुलाच्या मापाची आहे."

सासऱ्यांनी तुकडा खाली ठेवला.

"बस बघू."

त्यांनी हँडल धरलं, ती बसली. तिचे ताठ कोपर, ताणलेली पाठ ते बाजूने बघत राहिले. मग आडव्या नळीवरून त्यांनी तळवा फिरवला, सीटपासून हँडलपर्यंत, निजलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"हाताने आपलं नेहमीचंच माप कापलं गं. मी बघितलंसुद्धा नाही."

"असू दे. चालते मला."

"चालते काय? ऊठ."

सायकल त्यांनी भिंतीला लावली. मांडणीवरून कोरी नळी काढली, बाकावर आडवी ठेवली.

"सरळ उभी राहा. हात पुढे."

टेपचं टोक त्यांनी तिच्या खांद्याशी धरलं. हात पसरलेला असतानाच ती म्हणाली,

"भाऊ बोलावतोय. येते म्हटलंय मी त्याला."

टेप सर्रकन आत गेली. त्यांनी खडू घेतला, नळीवर खूण केली, अंगठ्याने पुसली, पुन्हा केली.

"वेळ लागेल हिला," ते म्हणाले.

"लागणारच."

"मी घाईही करणार नाही."

खडूची भुकटी त्यांनी फुंकून उडवली, आणि नळीकडेच बघत म्हणाले,

"जाऊ नकोस, पोरी."