चपलांजवळचा बाक

मी एक जुना बाक आहे. रोज सकाळी मी वंदना ऐकतो, सगळ्यांचं मंगल होवो असं ऐकतो आणि तरीही, मित्रांनो, आज मी रागावलेला आहे. राग आवरावा हे मला ठाऊक आहे. ऐकून ऐकून लाकडालाही एवढं कळतं. पण काय घडलं ते आधी ऐका, मग आवरायचा की नाही ते तुम्हीच सांगा.

माझा जन्म पाण्यावरचा. मुर्ध्याच्या खाडीत बबन नावाच्या कोळ्याची होडी होती, तिच्या फळ्या म्हणजे मी. खाडीतली मासळी आटली आणि होडी किनाऱ्याच्या चिखलात कलंडून पडली. त्याच सुमारास पेणकरपाड्यात म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर उभं राहत होतं. बौद्ध मंडळींच्या एका संस्थेने ते बांधायला घेतलं होतं. वरच्या मजल्यांवर प्रत्येकाला वेगळी खोली, भात शिजवण्यापुरता ओटा आणि झेपेल एवढंच भाडं. तळमजल्यावर विहार. संस्थेचे सचिव धम्मपाल लाकूड शोधत मुर्ध्याला आले तेव्हा बबन म्हणाला, "न्या ना. होडी मेली, पन लाकूड न्हाय मेलं."

मग मी काशीमीऱ्याला गेलो. हायवेच्या कडेला ट्रकचे फाळके बनवणारा ईश्वर नावाचा सुतार होता. त्याने मला रंधा मारला, जाड पाय दिले, दोन्ही टोकांना हात टेकायला दांडे दिले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सहज उठता यावं म्हणून मला मुद्दाम उंच केलं. शेवटी माझ्यावर एक थाप मारून तो धम्मपालना म्हणाला, "साहेब, यावर आता टेंपो चढवला तरी हलणार नाय."

विहारात मला तथागतांच्या मूर्तीसमोर ठेवलं. तेव्हा मूर्ती विटा-सिमेंटच्या भरभक्कम चौथऱ्यावर होती. माझ्यावर बसणाऱ्यांना मान वर करूनच तिच्याकडे बघावं लागे. तथागतांपेक्षा उंच आसनावर कुणी बसायचं नाही, ही आपली रीत. ती त्या चौथऱ्यामुळे आपोआप पाळली जात होती.

माझ्यावर पहिल्यांदा बसल्या त्या वैजयंतामाय. परभणीकडच्या. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून अष्टशील पाळणाऱ्या, दुपारनंतर अन्नाला न शिवणाऱ्या. घरात सगळ्यांत वडील म्हणून भन्तेंकडे, म्हणजे भिक्खूंकडे, शीलाची याचना त्याच करत. शील म्हणजे नीट वागण्याचा नेम, तो आपण मागायचा असतो, मित्रांनो. त्या हात जोडून मागत, भन्ते देत आणि मागोमाग सगळे म्हणत. त्यांच्या शेजारी नागोराव बसत, पालिकेतून निवृत्त झालेले. दोघांचं रोज भांडण.

"सरका तिकडं. बाक काय तुमच्या बापाचा हाय?"

"माय, बाक होडीचा आहे. जास्त हललात तर बुडेल."

त्या हसत आणि मला ते हसू फळीतून जाणवे. ते माझे सुखाचे दिवस.

गेल्या वर्षी एका दात्याने नवी मूर्ती दिली. सुंदर मूर्ती, सोबत संगमरवरी आसन, कमळाच्या पाकळ्या कोरलेलं. पण आसन बुटकं. जुना चौथरा फोडला आणि नवं आसन फरशीवरच मांडलं. पहिल्याच दिवशी धम्मपाल थबकले. माझ्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या मांड्या तथागतांच्या चरणांच्या वर येत होत्या.

सरळ उपाय होता, आसन उंच करायचं. पण दात्याने दिलेल्या दगडाला हात कोण लावणार? म्हणून हलवलं मला. धम्मपाल हात जोडून म्हणाले, "माय, वाईट वाटून घेऊ नका. आदराचा प्रश्न आहे."

वैजयंतामायनी मान डोलावली. "बरोबर हाय बाबा. त्यांच्या वर कसं बसायचं?" आणि त्या श्रद्धेने खाली फरशीवर बसल्या. वंदना संपली. लोक उठले. मायना उठता येईना. स्वयंपाक बघणारी राजश्री आणि आणखी दोघांनी त्यांना काखेत हात घालून उचललं. लुगडं विस्कटलं. एक पाहुणा मोबाईलवर मूर्तीचा व्हिडिओ काढत होता, त्याच्यात तेही आलं. तो म्हणाला, "यांना खाली आणताच कशाला? वर स्पीकर लावून द्या ना."

आणि स्पीकर लागले! ज्यांच्यासाठी घर बांधलं त्यांनी खोलीत बसून भिंतीवरची वंदना ऐकायची आणि पाहुण्यांनी खाली बसून फोटो काढायचे. नागोराव म्हणाले, "चला, आता तथागत रेडिओवर लागणार." कुणीच हसलं नाही.

मला जिन्याखाली चपलांच्या कोपऱ्यात टाकलं. ओल्या छत्र्या माझ्यावर, हेल्मेटं माझ्यावर, कुणाकुणाचे बूटसुद्धा. खाडीच्या खाऱ्या पाण्याने जो पाय कुजला नसता, तो छत्र्यांच्या पाण्याने फुगला. धम्मपाल वाईट माणूस नाहीत, मित्रांनो. या घरासाठी ते उन्हातान्हात हिंडलेत. म्हणूनच मला जास्त लागलं. वाईट माणसाने ढकललं तर निदान नवल तरी वाटत नाही.

मग पौर्णिमा आली. बाहेर गाड्या लागल्या, विहार पाहुण्यांनी भरला, भन्ते आपल्या जागी बसले. याचना मायनीच करायची ही रीत मोडू नये म्हणून धम्मपालनी माईक वर खोलीत पाठवायचं ठरवलं होतं. पण भिंत धरत, एकेक पायरी उतरत वैजयंतामाय स्वतःच खाली आल्या. मागून नागोराव. मायनी माझ्यावरची हेल्मेटं उचलली.

"हे कुणाचे टोपले हायेत?" म्हणत त्यांनी ती जमिनीवर ठेवली आणि माझ्यावर बसल्या. चपलांमध्ये. पांढऱ्या लुगड्यात.

धम्मपाल माईक घेऊन धावत दारात आले. "बोला, माय."

"न्हाई बोलत."

"माय, पाहुणे बसलेत हो."

"बसलेत ना? त्यांना बसता येतंय. मला येत न्हाई."

"अहो, आदरासाठीच तर आपण..."

"शील मला शिकवू नको, धम्मपाल. दुसरं शील काय हाय? कुणी न दिलेलं घ्यायचं न्हाई. माझी जागा मी तुला दिली होती? या नागोरावांनी दिली होती? आधी घेतलेलं परत ठेव. मग मी पुढचं मागते."

त्या ओरडल्या नाहीत. त्यांना ओरडता येतच नाही. पण माईक चालू होता. आतल्या पाहुण्यांनी ऐकलं. वरच्या खोल्यांतल्या स्पीकरमधून सगळ्या म्हाताऱ्यांनीही ऐकलं. जिन्यावर काठ्यांचे आवाज येऊ लागले.

आतून एक पाहुणे म्हणाले, "भन्ते, तुम्हीच सुरू करा. उशीर होतोय."

भन्ते शांतपणे म्हणाले, "कुणी मागितल्याशिवाय शील देत नसतात. मी बसलोय." आणि त्यांनी डोळे मिटले.

धम्मपाल पुन्हा मायकडे वळले. "आसन बुटकं आहे, माय. मी काय करू?"

"उंच कर."

"संगमरवर आहे. दात्यानं दिलंय."

"मग त्याच्या खाली विटा दे. जुना चौथरा फोडलास, त्याच्या विटा मागं पडल्यात की."

नागोराव जिन्यावरून म्हणाले, "आम्हाला उचलायला तिघं लागतात. दगडाला जरा जास्त लागतील एवढंच."

मग पांढरेशुभ्र कपडे घातलेले पाहुणे उठले. कुणी मूर्ती धरली, कुणी आसन. विटांची लाल धूळ त्यांच्या बाह्यांवर लागली आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. हेही शीलात बसत नसेल, पण वाटलं. शेवटी मला आत आणलं. मूर्ती पुन्हा वर होती, मी खाली होतो. माय बसल्या, नागोराव बसले. मायनी हात जोडले आणि याचना केली. भन्तेंनी डोळे उघडले.

माझा फुगलेला पाय अजून तसाच आहे. मी थोडा डुगडुगतो आणि माझा राग पूर्ण गेलेला नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात, देवळात, विहारात कुणीतरी म्हातारं माणूस असेल, ज्याला खाली बसता येत नाही. आधी त्याला बसवा. हार, दिवे, फोटो मग. ज्या आदरापायी एखाद्याला चपलांत बसावं लागतं, त्याला आदर म्हणू नका.

कार्यक्रमानंतर धम्मपालनी त्या उघड्या विटांवर घालायला पिवळं साटीन आणलं होतं. मायनी त्यांचा हात धरला.

"झाकू नको. दिसू दे," त्या म्हणाल्या. "त्या विटा दिसतात तोवर तुला मी दिसते."